लामालेरा : समुद्राकाठचे एक गाव
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भूगोलाच्या तासाला इंडोनेशियाचा पाठ आला म्हणजे फळ्यावर ठराविक शब्द उमटतात : जावा, सुमात्रा, रबर, मसाल्याचे पदार्थ, ज्वालामुखी. मुले ते उतरून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. यात मुलांचा दोष नाही. सतरा हजारांवर बेटांचा देश चार ओळींत बसवावयाचा म्हटले की त्यातील माणूस गळून पडावयाचाच. त्यापेक्षा त्या देशातील एखादेच गाव निवडावे, तेथील जमीन कशी, लोक खातात काय, वाटून घेतात कसे, मुलांना शिकवितात काय हे सावकाश पाहावे, म्हणजे देश थोडा तरी ओळखीचा होतो. आज असेच एक गाव पाहावयाचे आहे. त्याचे नाव लामालेरा.

नकाशावर जावा बेटाच्या पूर्व टोकाशी बोट ठेवावे आणि ते उगवतीकडे सरकवीत न्यावे. बाली, लोंबोक, सुम्बावा, फ्लोरेस अशी बेटांची माळ लागते. फ्लोरेस संपले की अडोनारा, सोलोर आणि लेम्बाटा ही लहान बेटे येतात. जुन्या नकाशांत लेम्बाटाचे नाव लोम्ब्लेन असे आढळेल. या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून, डोंगराच्या पायथ्याशी लामालेरा वसले आहे. वस्ती सुमारे दोन हजार. कारभाराच्या सोयीसाठी गावाचे अ आणि ब असे दोन भाग केलेले आहेत. 'लेरा' म्हणजे तेथील बोलीत सूर्य. लेम्बाटा बेट पूर्व नुसा तेंगारा या प्रांतात मोडते आणि 1999 पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे.

इतक्या दूरच्या गावाशी मराठी शिक्षकाचे नाते काय, असा प्रश्न कोणी विचारील. नाते एका शब्दाचे आहे. लामालेराच्या शाळेत शिकविणाऱ्याला 'गुरु' म्हणतात. तो काही आध्यात्मिक गुरू नव्हे. हजेरी घेणारा, पाटीवर अक्षर गिरवून घेणारा साधा प्राथमिक शिक्षक. विद्यार्थ्याला 'सिस्वा' म्हणतात, तो आपला शिष्य. भाषेला 'बहासा' म्हणतात. आणि खेड्याला 'देसा', म्हणजे आपला देश. संस्कृतातील हे शब्द शेकडो वर्षांपूर्वी गलबतांबरोबर तिकडे गेले आणि तेथील बोलण्यात असे मुरले की आज ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. शाळेला मात्र 'सकोला' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजांनी दिला. गुरू एकीकडून आला आणि शाळा दुसरीकडून, हा त्या भाषेचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

आता गावाकडे वळू. लामालेराची जमीन खडकाळ आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि मध्ये दगडांवर दगड रचून केलेल्या पायऱ्यांवर घरे. तेथे पोटापुरते पिकत नाही. गावातील कुळांची परंपरा अशी सांगते की त्यांचे पूर्वज फार दूरच्या बेटांवरून आले. मध्यंतरी लापान बातान नावाच्या एका लहान बेटावर ते राहिले होते. ते बेट समुद्राने गिळले, आणि मग भटकत भटकत ते या किनाऱ्याला लागले. येथे अगोदरच राहणाऱ्या कुळांनी त्यांना किनारा दिला. शेतीची जमीन डोंगरातल्या लोकांकडे राहिली. तेव्हा ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी समुद्र कसला. हा समुद्र मोठा विलक्षण आहे. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो, त्यामुळे एरवी भर महासागरात फिरणारे प्राणी येथे गावाच्या नजरेच्या टप्प्यात येतात. त्यांतला सर्वांत मोलाचा म्हणजे स्पर्म व्हेल जातीचा देवमासा. त्याला गावात 'कोतेक्लेमा' असे नाव आहे.

देवमासा हा मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे, हे शिक्षकांना सांगावयास नको. पण आपल्या भाषेने त्याला मासा ठरविले आहे, आणि गंमत अशी की इंडोनेशियातही जुन्या वळणाने त्याला 'इकान' पाउस म्हणतात. इकान म्हणजे मासाच. दोन्हीकडच्या कोळ्यांनी तो शब्द पाण्यावरून ठरविला, प्राणिशास्त्रावरून नव्हे. मुलांची चूक सुधारताना एवढे लक्षात असलेले बरे.

स्पर्म व्हेलचा पूर्ण वाढलेला नर पन्नास फुटांहूनही लांब असतो. एवढ्या प्राण्याची शिकार लामालेराचे लोक लाकडी नावेतून, हाताने फेकलेल्या भाल्याने करीत आले आहेत. ही गोष्ट कालपरवाची नाही. या बेटांवरील लोक हार्पून म्हणजे दोर बांधलेल्या भाल्याने देवमासे मारतात, असा उल्लेख 1624 सालच्या एका पोर्तुगीज लेखात सापडतो. इंग्रज आणि अमेरिकन देवमाशांचे शिकारी या समुद्रात आले ते त्याच्या कितीतरी नंतर.

त्या नावेला 'तेना' म्हणतात. तिच्या फळ्या लोखंडी खिळ्यांनी नव्हे, लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या असतात. अगोदर कवच आणि मग आतला सांगाडा अशी तिची बांधणी असते. फळ्यांची मांडणी परंपरेने ठरलेली आहे. नाव बांधणारा सुतार ती आपल्या मनाने बदलू शकत नाही. तेना कोणा एकट्याच्या मालकीची नसते, कुळाची असते. ती झिजली, फुटली तर फळी बदलतात. सगळीच मोडली तर पुन्हा बांधतात, पण नाव तेच ठेवतात. अशा रीतीने आजोबांच्या नावेत नातू बसतो, मग तिच्यात आजोबांच्या वेळचे एकही लाकूड शिल्लक नसले तरी चालते. शीड ताडाच्या जातीच्या झाडाच्या पात्यांचे चौकोन विणून करतात. नाळेच्या पुढे बांबूचा एक अरुंद माचा काढलेला असतो. त्यावर उभा राहतो तो 'लामाफा', म्हणजे भाला मारणारा. मागे सुकाणूवर एक जण, आणि मध्ये वल्ही मारणारे खलाशी.

किनाऱ्यावरून अगर डोंगरावरून देवमाशाचा फवारा दिसला की आरोळी उठते : "बालेओ!" ती आरोळी एका घरातून दुसऱ्या घरात, अंगणातून अंगणात जाते, मुलेही ती पुढे पोचवितात. पाहता पाहता नावा छपऱ्यांतून ओढून वाळूवर येतात. देवमाशाजवळ पोचल्यावर लामाफा भाला नुसता फेकीत नाही; तो लांब बांबूच्या दांड्याला लावलेला भाला दोन्ही हातांनी धरून माच्यावरून स्वतःच झेप घेतो आणि आपल्या शरीराचे सारे वजन त्या टोकावर घालतो. क्षणभराने तो पाण्यात असतो आणि जखमी देवमाशाजवळून पोहत नावेकडे परततो. यापुढचे काम दोराचे. देवमासा खोल बुडी मारतो, दोर सरसरत सुटतो, त्याच्या घासण्याने लाकूड तापते म्हणून त्यावर पाणी ओतावे लागते, आणि ज्याचा पाय त्या दोरात अडकेल त्याचे काही खरे नसते. कधी देवमासा नाव उलटवितो, कधी शेपटीने फोडतो, कधी तासन्‌तास ओढीत नेतो. 1994 साली अशाच एका पाठलागात काही नावा किनारा दिसेनासा होईपर्यंत ओढल्या गेल्या आणि माणसे कित्येक दिवस भरकटल्यावर हाती लागली. लामालेरात समुद्राने कोणीच नेले नाही असे कूळ विरळा.

सगळेच देवमासे मात्र ते मारीत नाहीत. निळा देवमासा त्यांना वर्ज्य आहे. संकटाच्या वेळी याच देवमाशाने पूर्वजांना तारले अशी श्रद्धा आहे. दुसराही एक नियम आहे, आणि तो शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. शिकारीचा मुख्य हंगाम मे ते साधारण ऑक्टोबरपर्यंत असतो. त्याला 'लेवा' म्हणतात. या काळात गावात, घरात, नवराबायकोत भांडण राहू नये. भांडण किनाऱ्यावर आणि अपयश समुद्रावर, असा त्यांचा हिशेब आहे. भाला नेम धरूनही चुकला तर नावेतली माणसे प्रथम घरी काही तंटा राहिला आहे काय हे शोधतात. याला भाबडी समजूत म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्या नावेत डझनभर माणसांचा जीव एकमेकांच्या हातात असतो, त्या नावेत मनात अढी घेऊन बसलेला एक माणूस किती धोक्याचा असतो, हेही पाहिले पाहिजे.

आता वाटणीकडे येऊ. या गावाचे सारे कौशल्य खरे पाहता भाल्यात नसून वाटणीत आहे. देवमासा किनाऱ्याला लागला की वाटेल त्याने वाटेल तो तुकडा कापून नेला असे होत नाही. त्याच्या शरीराचा प्रत्येक भाग कोणाचा हे अगोदरच ठरलेले असते. नावेत बसलेल्यांचे वाटे आहेत, तसेच ज्या कुळाची नाव त्या कुळाचे आहेत. नाव बांधणाऱ्या सुताराचा, भाल्याचे लोखंड घडविणाऱ्या लोहाराचा, शीड करणाऱ्याचा वाटा आहे. आपल्याकडील बलुत्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे खळ्याच्या जागी वाळू आहे. ज्या मूळ कुळांनी पूर्वी किनारा दिला त्यांना आजही डोक्याच्या भागातला मान द्यावा लागतो. कैक शतकांपूर्वीचे उपकार असे दर शिकारीला फेडले जातात. वाटे मिळालेल्यांकडून ते पुढे नातेवाइकांकडे जातात. ज्या घरात समुद्रावर जाणारा पुरुष उरलेला नाही त्या विधवेच्या घरीही मांस पोचते.

या वाटणीने माणसाच्या मनाला कोणते वळण लागते याचा एक पुरावा उपलब्ध आहे. मायकेल अल्वार्ड या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अखेरीस लामालेरात राहून अभ्यास केला. त्या वेळी जगातील पंधरा लहान समाजांत एक खेळ खेळवून पाहण्यात आला होता. दोन माणसांपैकी पहिल्याला काही रक्कम द्यावयाची. त्याने तीतील किती भाग दुसऱ्याला देणार हे सांगावयाचे. दुसऱ्याने मान्य केले तर दोघांना आपापला भाग मिळतो. त्याने नाकारले तर दोघांनाही काही मिळत नाही. लामालेरात पैसे मांडून खेळणे जुगारासारखे दिसेल म्हणून सिगारेटी ठेवल्या होत्या. इतर काही समाजांत पहिल्याने चौथा हिस्साच देऊ केला. लामालेराच्या लोकांनी सरासरीने निम्म्याहून अधिक, शेकडा सत्तावन्नच्या आसपास, देऊ केले. पंधरा समाजांत सर्वांत मोठा वाटा त्यांचा होता. एकट्याने देवमासा मारता येत नाही, ही गोष्ट ज्यांच्या हाडीमासी खिळली आहे त्यांच्या हातून वाटणी करताना चूक झालीच तर ती दुसऱ्याच्या बाजूने होते, असा याचा अर्थ दिसतो. समाजशास्त्राच्या पंडितांनी त्याचे आणखीही अर्थ लावले आहेत. त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही.

पुरुष समुद्रावर जातात. पण देवमाशाचे धान्य करतात त्या स्त्रिया. मांसाच्या लांब पट्ट्या बांबूंवर उन्हात वाळत घालतात, तेल खाली गोळा होते. वाळलेल्या पट्ट्या टोपलीत भरून, टोपली डोक्यावर घेऊन, गावातल्या बायका डोंगर चढतात आणि वरच्या खेड्यांत मका, केळी, कंदमुळे घेऊन परततात. याशिवाय जवळच्या वुलान्डोनी येथे दर शनिवारी बाजार भरतो. या बाजारात पैशांवाचून देवघेव चालते. एका बाजूला किनाऱ्याच्या बायका सुके मांस, सुके मासे, मीठ व चुना घेऊन बसतात, दुसऱ्या बाजूला डोंगरच्या बायका भाजी, फळे व धान्य घेऊन. बाजाराचा अंमलदार शिट्टी वाजवितो, आणि त्यानंतरच देवघेव सुरू होते. मांसाची एक पट्टी देऊन डझनभर केळी अगर मक्याची डझनभर कणसे घ्यावयाची, असा रूढ दर सांगतात. दर ठरलेला असला तरी पट्टी केवढी आणि कणीस केवढे यावर व्हावयाची ती घासाघीस होतेच. अंकगणिताच्या तासाला हा बाजार फार उपयोगी पडेल. वर्गाचे दोन भाग करावे, एकाकडे मासे आणि दुसऱ्याकडे कणसे द्यावी, आणि रुपयाचे नाव न काढता सौदा करावयास सांगावे. पैसा ही वस्तू कशासाठी निघाली हे मुलांना व्याख्येवाचून समजेल.

हे झाले गाव. आता शाळा.

लामालेरा ख्रिस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पहिले बाप्तिस्मे झाले आणि 1920 साली बर्नहार्ड बोडे हे जर्मन धर्मोपदेशक येऊन राहिले. मिशनबरोबर शाळा आली आणि ती गावाने मनापासून धरली. परिणाम असा की इतक्या लहान, इतक्या कोपऱ्यातल्या गावातून शिक्षक, धर्मगुरू आणि अधिकारी इतक्या संख्येने निघाले की शेजारच्या गावांना नवल वाटावे. पिकत नाही त्या जमिनीतून सुटण्याची ती दुसरी वाट होती, पहिली समुद्राची.

त्या शाळेतून गेलेल्या मुलांपैकी एकाचे नाव गोरिस केराफ. जन्म लामालेरा, 1936. घरी बोलत ती लामाहोलोत भाषेची लामालेरा बोली. शाळेत वापरावयाची ती बहासा इंदोनेसिया. 1928 साली तरुणांच्या परिषदेने साऱ्या बेटांची एक भाषा म्हणून तिची शपथ घेतली होती आणि 1945 नंतर ती राज्याची भाषा झाली. म्हणजे पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या त्या मुलाला गुरूची भाषा परकी होती. हाच मुलगा पुढे जाकार्ताच्या विद्यापीठात भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. इंडोनेशियन भाषेचे त्याचे व्याकरण 1970 साली निघाले, आणि त्यावर व त्याच्या निबंधलेखनाच्या पुस्तकावर त्या देशातील विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. देवमाशाच्या गावच्या मुलाने साऱ्या देशाला शुद्ध भाषा शिकविली.

पण गोष्टीतली खरी मौज पुढेच आहे. 1978 साली केराफ यांनी डॉक्टरच्या पदवीसाठी प्रबंध लिहिला. विषय राष्ट्रभाषा नव्हता, कोणती पाश्चात्य भाषा नव्हता. तो होता लामालेरा बोलीची शब्दरचना. आई ज्या बोलीत हाका मारीत होती, जिच्यात "बालेओ" ही आरोळी उठत होती, त्या बोलीलाही नियम आहेत, तिचे प्रत्यय आणि तिची रूपे लिहून काढता येतात, हे त्यांनी विद्यापीठापुढे मांडून दाखविले. 1997 साली केराफ वारले. आपल्या वर्गात ज्या मुलाचे घरचे बोलणे ऐकून इतर मुले हसतात, आणि कधी कधी, खरे बोलावयाचे तर, शिक्षकही हसतात, त्या मुलाकडे पाहताना या माणसाची आठवण ठेवण्यासारखी आहे.

याच केराफ कुळातील दुसरे गृहस्थ सोनी केराफ. जन्म याच गावात, 1958 साली. तत्त्वज्ञान शिकले, आणि 1999 ते 2001 या काळात इंडोनेशियाचे पर्यावरणमंत्री झाले. देवमासे मारणाऱ्या गावाचा मुलगा निसर्गरक्षणाचे खाते सांभाळतो, यात विसंगती आहे असे दुरून वाटेल. गावकऱ्यांना तसे वाटत नाही. निळ्या देवमाशाला हात न लावणारे आणि मिळाले त्यातला तुकडाही वाया जाऊ न देणारे आपण, निसर्गाचे वैरी कसे, असा त्यांचा प्रश्न असतो.

प्रश्न मात्र सोपा नाही, आणि त्याची एकच बाजू वर्गात सांगणे बरोबर होणार नाही. मोठ्या राष्ट्रांनी एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात देवमाशांचा जो संहार केला त्यामुळे स्पर्म व्हेल आज संकटात असलेल्या प्राण्यांत मोजला जातो. लामालेराची शिकार त्या मानाने अत्यल्प. अलीकडच्या काळातले त्यांचे सर्वांत मोठे वर्ष 1969; त्या वर्षी 56 स्पर्म व्हेल मिळाले. पुष्कळ वर्षी याच्या निम्मेही मिळत नाहीत. 1973 साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने शिकार आधुनिक करण्यासाठी नॉर्वेचा एक तज्ज्ञ धाडला होता; ती योजना रुजली नाही, आणि तेच बरे झाले म्हणावयास हरकत नाही. पुढे वारे उलटे फिरले. 1999 च्या सरकारी नियमाने सर्व देवमासे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आले. लामालेराच्या परंपरागत शिकारीकडे सरकारने कानाडोळा केला एवढेच. सावू समुद्राचे राष्ट्रीय सागरी उद्यान करण्याचे ठरले तेव्हा गावाने कडाडून विरोध केला आणि गावापुढचे पाणी त्यातून वगळले गेले. उद्यान 2014 साली जाहीर झाले. त्याच वर्षी मांटा या प्रचंड पाकट माशालाही देशभर संरक्षण मिळाले. देवमासा नसेल त्या दिवसांत लामालेराचा संसार पुष्कळसा या मांटावर चाले. कायद्याच्या दृष्टीने काल जो मासेमारी करीत होता तो आज गुन्हेगार ठरू शकतो. हे बापाने मुलाला कसे समजावून सांगावे?

बदल बाहेरूनच आले असे नाही. मागे लावण्याची यंत्रे आली आणि लहान यंत्रनावा निघाल्या. त्यांना गावात 'जोन्सोन' म्हणतात, यंत्रावरच्या कंपनीच्या नावावरून. आता देवमासा दिसला की पुष्कळदा जोन्सोन तेनाला दोराने ओढीत नेते. वेळ वाचतो, श्रम वाचतात. पण इंधनाला रोकड लागते आणि रोकड वुलान्डोनीच्या बाजारात मिळत नाही. जाळी आली, जाळ्यातले मासे पैशाला विकता येतात, आणि त्यांच्या वाटणीला तेनाच्या वाटणीसारखे जुने नियम बांधलेले नाहीत. तेनाला मात्र दहाबारा माणसे हवीत. ती माणसे कोठे आहेत? पुष्कळशी शाळेने नेली.

ही गोष्ट अवघड आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे. इंडोनेशियात 1984 पासून सहा वर्षांचे आणि 1994 पासून नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे झाले. लामालेराचा मुलगा लहानपणी उथळ पाण्यात फळकुटावर बसून वल्हे शिकतो आणि खडकावरून बांबू घेऊन उडी मारण्याचा सराव करतो. ही त्याची एक शाळा, आणि तिला वर्षानुवर्षे लागतात. वरच्या वर्गांसाठी त्याला गाव सोडून लेवोलेबा, फ्लोरेस अगर त्याहूनही दूर जावे लागते. बारातेराव्या वर्षी गेलेला मुलगा विसाव्या वर्षी परत आला तरी लामाफा होत नाही. तो शिक्षक होतो, कारकून होतो, जाकार्ताला जातो. आईबापांना हे हवे असते. ज्या समुद्राने भाऊ नेला त्या समुद्रावर मुलाने जावे असे कोणत्या आईला वाटेल? आणि त्याच आईबापांना छपरीत वाळत पडलेली कुळाची नावही पाहवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात असतात. गावातल्या गुरूला याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडत नाही. त्याच्या वर्गातल्या हुशार मुलाला तो पुढे ढकलतो, तेव्हा एका नावेतले एक वल्हे कमी होत असते, हे त्याला ठाऊक असते. तरीही तो ढकलतो. केराफ यांच्या गुरूनेही तेच केले असणार.

दर वर्षी 30 एप्रिलच्या संध्याकाळी सारे गाव किनाऱ्यावर जमते. वाळूवर संत पीटरचे लहानसे प्रार्थनामंदिर आहे. समुद्रात गेलेल्यांसाठी तेथे प्रार्थना होते, आणि अंधार पडल्यावर मेणबत्त्या लावलेल्या चिमुकल्या होड्या पाण्यावर सोडतात. दुसऱ्या दिवशी, 1 मे रोजी, नावांना आशीर्वाद देऊन लेवा सुरू होतो. गुरू आणि सिस्वा दोघेही किनाऱ्यावर असतात. शिडे उभारली जातात आणि पहिली तेना लाटांत ढकलली जाते. तिला ढकलणाऱ्यांत शाळेतली मुलेही असतात.